पायात येऊलालासा

"सर, तुम्ही आत बसा की जरा. पायात येऊलालासा."

माझ्याच परसात, माझ्याच सिल्व्हर ओकखाली हे मला एका विशीतल्या पोरानं ऐकवलं. अर्धी गल्ली बघत होती. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत होती आणि तिनं मान डोलावली, तीही पोराच्या बाजूनं. वास्तविक मी तिथं हौसेनं उभा नव्हतो. मुकादमानंच "सर, एवढं धरा" म्हणून दोर माझ्या हातात दिला होता आणि स्वतः तंबाखू मळायला गेला होता. पण ज्यानं उभी हयात शाळेत पोरांना "वाटेत उभं राहू नका रे" म्हणून दटावलं, त्याला एका पोरानं वाटेतून बाजूला काढलं, एवढंच गल्लीच्या लक्षात राहिलं.

झाडाचं थोडक्यात सांगतो. आमचं घर बेळगावात, अनगोळात. आषाढातल्या वाऱ्यानं सिल्व्हर ओकचा शेंडा मोडला आणि शेजारच्या काकांच्या कौलांवर लोंबकळत राहिला. काका म्हणाले, "तुमचं झाड आमच्या हद्दीत आलंय." बेळगावच्या माणसाला १९५६ पासूनचा एक सीमावाद पुरेसा आहे, दुसरा परसात नको, म्हणून मी अख्खं झाडच काढायचं ठरवलं. खर्च निम्मा-निम्मा करू म्हटल्यावर मात्र काकांच्या लेखी झाड पुन्हा पूर्णपणे माझ्या हद्दीत गेलं.

मग येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारू लागला, "परमिशन काढली काय?" कर्नाटकात झाडांसाठी १९७६ चा कायदा आहे आणि झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते हे खरं. पण निलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशी काही झाडं त्यातून वगळलेली आहेत. हे मी प्रत्येकाला फाटकात उभं राहून समजावलं. दोराला हात लावायला त्यातलं एकही माणूस आत आलं नाही.

ठरल्या दिवशी सकाळी ट्रक आला. म्हणजे आधी आवाज आला, मग धूर आला आणि त्या धुरातून एक ४०७ निघाली. हे मॉडेल टाटांनी १९८६ मध्ये आणलं. ही गाडी अगदी त्या पहिल्या खेपेतली नसली तरी ड्रायव्हरपेक्षा वयानं मोठी होती, हे त्यानंच अभिमानानं सांगितलं. दरवाजा आतून सुतळीनं बांधलेला. मागच्या फळीवर 'हॉर्न ओके प्लीज'. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ही अक्षरं ट्रकवर लिहायला बंदी घातली, पण ही केए-२२, म्हणजे कर्नाटकातली, त्यामुळं तिला तो हुकूम लागू नव्हता. ड्रायव्हर बैलहोंगलकडचा. क्लीनर नव्हता, म्हणून गाडी मागं घेताना "बर्री, बर्री, बर्री... साक!" हे ओरडायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. 'साक' म्हणायला माझा जरा उशीर झाला असं ड्रायव्हरचं मत पडलं. कंपाउंडचा कोपरा गेला तो त्यामुळं गेला, असंही त्याचं मत पडलं. माझ्या मते गाडीचा ब्रेक मी 'साक' म्हटल्यावर बऱ्याच वेळानं लागला. या मतभेदाचा निकाल अजून लागायचा आहे. कोपरा तोवर तसाच आहे.

गाडीचा सेल्फ गेलेला. एरवी ड्रायव्हर ती उतारावर लावतो आणि सोडून देऊन चालू करतो. आमच्या गल्लीला उतार नाही, म्हणून त्यानं इंजिन बंदच केलं नाही. सकाळी आठापासून ती गाडी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी धडधडत उभी होती. त्या दिवशीच्या आमटीला डिझेलचा वास होता, आणि तो मीच लावला असल्यासारखी ती मला वाढण्यात आली.

तरी गाडीबद्दल माझी तक्रार नाही. तिच्या पोटात काय आहे ते माणसाला कळतं. पंप आहे, नोझल आहे, बंद करायला ओढायची एक तार आहे. काही मोडलं तर ऑटोनगरात कुठलाही मिस्त्री पान्यानं उघडतो, पट्टा बांधतो, वेल्डिंग मारतो, आणि दरसाल पासिंगला उभी करण्यापुरती ती पुन्हा सुधारते. माझी तक्रार आहे ती तिच्यातून उतरलेल्या त्या नव्याकोऱ्या कटरबद्दल, म्हणजे झाड कापायच्या पेट्रोलवरच्या चेनच्या करवतीबद्दल.

कटर खोक्यातनं काढलेला. भडक केशरी रंग, बावीस इंची बार, म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती पट्टी, आणि अंगावर एवढ्या मोठ्या अक्षरांत '५८ सीसी'. ऑनलाइन मागवलेला, सहा-सात हजारांत. पोरानं पाण्याच्या बाटलीच्या टोपणानं अंदाजे ऑइल मोजलं, पेट्रोलमध्ये ओतलं, बाटली हलवली आणि दोरी ओढायला लागला. दोरी ओढायची, थांबायचं, चोक बघायचा, मशीनच्या आईचा उद्धार करायचा, पुन्हा ओढायची. बऱ्याच वेळानं मशीन भडकलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. पोरानं बार बुंध्याला टेकवला. धूर निघाला. लाकूड जळल्याचा वास सुटला. झाडाला काळा चट्टा पडला, कापलं मात्र काहीच गेलं नाही.

आणि इथं नानांचा प्रवेश झाला.

नाना आमच्या गल्लीतले नव्हेत. कुणाचे कोण, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. अंगात हातविणीचा स्वेटर, काखेत छत्री. ते फाटकातनं आत आले, माझ्या व्हरांड्यातली खुर्ची उचलून परसात मांडली आणि बसले. पोरगा मशीन दाबत होता, धूर निघत होता, आणि नाना शांतपणे बघत होते. चहा आला तेव्हा "साखर कमी की?" एवढंच विचारलं. दुसऱ्या चहालाही तेच विचारलं. पोरगा घामाघूम झाला, मुकादमानं स्वतः मशीन हातात घेऊन पाहिलं, ड्रायव्हरनंही पाहिलं. काळा चट्टा रुंद होत गेला. शेवटी न राहवून मी म्हटलं, "काय झालंय कुणास ठाऊक या मशीनला."

नाना म्हणाले, "चेन उलटी बसवलीय."

मी म्हटलं, "काय?"

"उलटी हो. बारच्या वरच्या अंगाला दाताची धार पुढं, टोकाकडं पाहिजे. हितं मागं बघूलालाय. ह्यानं काय कापणार? घासणार नुसतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"आलो तवाच. लोंढ्याच्या वखारीत जन्म गेला की माझा."

"मग सांगितलं का नाही?"

नानांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं, की विचारणंच गैर होतं.

"मला कुणी विचारलं?"

"अहो, अर्धी सकाळ गेली!"

"गेली की. पोरगा शिकूलालता. मधी बोललं की शिकणं ऱ्हातंय. तुम्ही मास्तर न्हवं? तुम्हाला कळाय पायजे."

यावर काय बोलणार? बत्तीस पानी वही भरेल एवढं बोलण्यासारखं होतं, पण तेवढ्यात पोरानं चेन काढली, उलटवून बसवली, आणि दोर घेऊन पुढं झालेल्या मला ते वरचं वाक्य ऐकवलं. नाना लगेच म्हणाले, "बरोबर बोलूलालाय पोरगा. बसा सर. खुर्ची आणा एक."

माझ्या घरात मला खुर्ची आणायला सांगणारा तो माणूस! मी आणली. नानांच्या शेजारी बसलो. तिथून पुढं त्यांनी मला जे ऐकवलं ते माहिती म्हणून खरं होतं, हे त्यातलं जास्त संतापजनक.

"सीसीवर काय जातासा सर?" ते म्हणाले. "स्टिकरवर अठ्ठावन लिवायला काय जातंय? स्टिल कंपनीचं बारकं मशीन तीस सीसीचं येतंय, ह्याच्या बापाला ऐकणार न्हाई. जर्मन हाय. आन् धंद्याचं मशीन असलं की आतलं क्रँककेस मॅग्नेशियमचं, खोलून परत बांधता येतंय. हे काय, कारबोरेटर गेला की टाकून द्या. स्पेअर मागाय कुठं जाणार?"

स्टिल कंपनी १९२६ पासूनची आहे हे मी वाचलं होतं. तसं मी म्हटलं. नाना म्हणाले, "आसंल. म्या साल न्हाई इचारलं."

मग त्यांनी भुशाकडं बोट केलं. सरळ बसवल्यावर आता मशीन कापत होतं, पण खाली पडत होतं ते पिठासारखं बारीक. "बघा. धार मेली. दगडाला लागली काय की. धार असली की चिपा उडतात, नखाएवढ्या. पीठ पडाय लागलं की मशीन बंद करून कानस मारायची. ह्यो काय करूलालाय? जोर लावूलालाय." पोरगा खरंच जोर लावत होता. बारवर जळकं ऑइल उडत होतं आणि काकांच्या भिंतीवर त्याची नक्षी उमटत होती. ती नक्षी माझ्या हद्दीत मोजायची की त्यांच्या, हा विषय काकांनी संध्याकाळी काढलाच.

दुपारपर्यंत बुंध्याला एक खाच पडली आणि मशीननं दोरी आत ओढून घेतली ती परत दिली नाही. मुकादमानं खानापूरला फोन केला. तिथून एक माणूस मोटरसायकलवर आला. मागं पोत्यात गुंडाळलेलं जुनं मशीन, रंग उडालेला, हँडलच्या रबराला झीज. आल्या आल्या तो झाडाकडं गेलाच नाही. पायरीवर बसला, बार दोन गुडघ्यांत धरला, गोल कानस काढली आणि एकेका दाताला दोन-दोन हात मारत, अंगठ्यानं चेन पुढं सरकवत, एका बाजूचे सगळे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे, असा अख्खी चेन फिरून आला. घाई नाही. मग डोक्यावर जाळीचं हेल्मेट चढवलं, दोन ओढींत मशीन चालू केलं, आणि आम्ही अर्धा दिवस ज्याला धूप घालत होतो ते झाड बायकोचा कुकर होईपर्यंत तुकड्या-तुकड्यांनी खाली आलं. भुसा कुठं नाही, नुसत्या चिपा. नाना खुर्चीतून उठले आणि एक चीप उचलून मला दाखवली, मला शिकवणी लावल्याच्या सुरात.

हसण्यासारखं इथवरच होतं. कारण खानापूरचा माणूस यायच्या आधी तोच पोरगा शिडी लावून वर चढला होता, तेच मशीन घेऊन, पायात हवाई चप्पल, कमरेला नायलॉनचा दोर, डोक्याला टॉवेल. त्या मशीनच्या पुढच्या पात्याला, म्हणजे चेन ब्रेकला, तार बांधून ठेवलेली. मी विचारलं तर मुकादम म्हणाला, "सारखा लागतोय सर, काम खोळंबतंय." बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडं येतं, आणि त्या क्षणी चेन थांबवायला तेवढी एकच गोष्ट असते. ती तारेनं बांधलेली. मी खालून ओरडत होतो ते त्यासाठी. 'पायात येऊलालासा' नंतरचा माझा हा दुसरा अपराध. पोरगा वरून म्हणाला, "काय होत न्हाई सर."

त्याला काही झालं नाही, हे खरं. पण मला त्या पोराचा राग येत नाही, मुकादमाचाही धड येत नाही. "धंद्याचं मशीन घ्या की," असं मी त्याला म्हटलं, तेव्हा त्यानं सरळ विचारलं, "ह्याच्या चार-पाच पट पैसे लागतात. दर कोण देतंय सर?" आणि काकांकडं बघितलं. काकांनी सकाळपासून कामाला एक रुपया दिला नव्हता, पण मुकादमाशी माझ्या वतीनं घासाघीस मात्र चालवली होती. झाड काढायचं म्हटलं की लोक तिघांना बोलावतात आणि सगळ्यात कमी सांगेल त्याला चढवतात. तो कमी सांगतो कारण त्याच्याकडं खोक्यातलं मशीन आणि हवाई चप्पल असते. वर चढणाऱ्याला रोजावर हजार मिळत असतील तर नशीब. खाली उभं राहून भाव पाडणाऱ्यांची गल्लीत कमतरता नाही. ट्रक तीस वर्षं चालवायचा आणि माणसाला चालतो तितके दिवस, हा कुठला हिशेब?

संध्याकाळी लाकडं भरली. गाडी इतका वेळ चालू ठेवली होती आणि नेमकी निघताना ती बंद पडली. मग गल्लीनं ढकलली. मीही ढकलली. नाना खुर्चीवरून म्हणाले, "सर, खांद्यानं लावा, हातानं न्हवं." गाडी धूर सोडून निघाली. पैसे मी मुकादमाला सांगितले तेवढे दिले. खानापूरच्या माणसाचे वेगळे द्यावे लागतील, हे त्यानं पैसे मोजून झाल्यावर सांगितलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की बुंधा तसाच आहे, जमिनीवर हातभर.

"बुंधा रेटमधी नव्हता सर," मुकादम म्हणाला. "त्याला जेसीबी लागंल."

जेसीबी आमच्या गल्लीत वळत नाही. हे मी मुकादमाला सांगितलं, काकांना सांगितलं, शेवटी सवयीनं नानांनाही सांगितलं.

"ऱ्हाऊ दे की," नाना छत्री काखेत मारत म्हणाले. "उद्या याला बसाय होतंय मला. तुमची खुर्ची लई हलतीय."