फिनेलची बाटली आधी खाली ठेवा

आमची कुत्री चिंगी 13 वर्षांची आहे. गावठी, 18 किलोची, आणि आयुष्यभर इतकी शिस्तीची की पावसात दोन-दोन तास दाबून धरेल पण घरात करणार नाही. मागच्या जूनमध्ये एका सकाळी तिची गोधडी ओली निघाली. आम्हाला वाटलं पाणी सांडलं. मग वास घेतला.

त्या पहिल्या आठवड्यात आम्ही जे जे केलं ते सगळं चुकलं. ते आधी सांगते, कारण म्हातारं कुत्रं घरात शू करायला लागलं की बहुतेक घरांत हेच होत असणार. मी ओरडले. नवऱ्याने फर्मान काढलं, "रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेव." शेजारच्या काकूंनी सल्ला दिला की तिथेच नाक घासायचं, म्हणजे लक्षात राहतं. (काकू, तुमचा लोभ आहे, पण हे काही ऐकलं नाही.) आणि मी बादलीभर फिनेलने अख्खा हॉल पुसून काढला. दुसऱ्या दिवशी चिंगीने बरोबर त्याच जागी पुन्हा केलं. वर ती मान खाली घालून सोफ्यामागे जाऊन बसली. "बघ, तिला कळतंय आपण काय केलंय," असं आम्ही एकमेकांना म्हणालो. तिला कळत होतं ते एवढंच, की ही बाई आता ओरडणार.

माझं डोकं ठिकाणावर आलं ते कपाटामुळे. जुनं काहीतरी पुसायला शोधत होते, तर खालच्या खणात सासूबाईंच्या वेळची अंडरपॅड्सची अर्धी पिशवी सापडली. त्यांच्या शेवटच्या वर्षात त्यांचंही असंच व्हायचं. कितीदा चादरी बदलल्या असतील, पण "मुद्दाम केलं" हा शब्द कधी कुणाच्या तोंडी आला नाही. त्यांचं पाणीही कुणी तोडलं नव्हतं. डॉक्टरांना फोन केला होता. मग चिंगीच्या बाबतीत पहिला विचार लाड, हट्ट, बिघडलेल्या सवयीचा का आला?

तर डॉक्टर. पण जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. "घरात करते" एवढं सांगून त्यांना काही कळत नाही. आम्हाला त्यांनी उलटे प्रश्न विचारले. झोपेत गळते आणि तिला पत्ताच नसतो का? की उठून दाराकडे जाते आणि वाटेत होतं? थोडी-थोडी, सारखी करते का? की एकदम तळं? रात्री कोपऱ्याकडे बघत उभी राहते का? या प्रत्येकाचं कारण वेगळं. झोपेत गळणं हे नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या माद्यांमध्ये पुष्कळदा दिसतं. लघवी अडवून धरणारा स्नायू वयाबरोबर सैल पडतो. थोडी-थोडी आणि सारखी म्हणजे बहुधा इन्फेक्शन. तळं म्हणजे पाणीच जास्त पितेय, आणि त्यामागे किडनी, डायबेटिस, कुशिंग (हार्मोनचा एक आजार) असं काहीही असू शकतं. स्टेरॉइड चालू असलं तरी तहान वाढते. दाराच्या चुकीच्या बाजूला, बिजागरीकडे तोंड करून उभं राहणारं कुत्रं विसरायला लागलेलं असू शकतं, आपल्याकडच्या आजोबांसारखं. आणि चालता चालता शी पडत असेल तर मागच्या पायांत आणि पाठीत दुखतंय का ते बघायचं. वाकून बसवत नाही, मग अर्धवट होतं आणि उरलेलं घरात येऊन पडतं. (दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका. पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते.)

पाणी मोजायला त्यांनीच शिकवलं. सकाळी बाटलीने मोजून भांडं भरायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करायचं. दिवसाला किलोमागे 100 मिलिच्या वर जात असेल तर तपासण्या हव्यातच. चिंगीच्या हिशोबाने ती रेघ 1.8 लिटरवर येते; ती लिटरच्या आसपास होती. आणि रात्री पाणी उचलून ठेवायचं फर्मान डॉक्टरांनी जागच्या जागी रद्द केलं. किडनीचं कुत्रं असेल तर एवढ्यानेही त्याचं शरीर सुकू शकतं.

लघवीचा नमुना कसा घ्यायचा हा मोठाच प्रश्न होता. ती बसली की मी डबी घेऊन मागे, मी मागे की ती उठून पुढे. सोसायटीच्या वॉचमनदादांनी दोन दिवस हा तमाशा पाहिला. तिसऱ्या दिवशी आमटीची जुनी पळी उकळून नेली. लांब दांडा, उथळ तोंड, पहिल्या झटक्यात काम झालं. ती पळी आता चिंगीचीच.

रिपोर्टमध्ये इन्फेक्शन निघालं. औषधाचा कोर्स पूर्ण केला आणि दिवसाचं होणं थांबलं. झोपेतलं गळणं राहिलं, त्यासाठी तो स्नायू आवळणाऱ्या गोळ्या चालू आहेत. त्या गोळ्यांनी ब्लडप्रेशर वाढू शकतं म्हणून मधूनमधून तपासावं लागतं.

आता फिनेल. त्याने आपल्या नाकाला बरं वाटतं, कुत्र्याच्या नाकाला नाही. टाइलच्या सांध्यात मुरलेला वास तिला येतच राहतो आणि ती जागा तिच्यासाठी संडासच ठरते. शिवाय पुसलेल्या लादीवरून चालून ती पंजे चाटते. ब्लीच तर नकोच, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून डोळे चुरचुरवणारा वायू होतो. आधी वर्तमानपत्राने सगळं टिपून घ्यायचं, पाणी मारायचं, मग वासाचं मूळच मोडणारं एन्झाइमवालं क्लीनर ओतून दहा-पंधरा मिनिटं तसंच सोडायचं. महाग आहे. पण फिनेलच्या चार बाटल्यांपेक्षा स्वस्त पडतं. हातमोजे घाला, विशेषतः पावसाळ्यात. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जंतूंचा आजार) कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होतो. चिंगीची लस वेळेवर आहे, तरी मी घालते.

घरात बदल फार नाहीत. गोधडीखाली लहान मुलांचं रबरी शीट, वर अंडरपॅड. गुळगुळीत टाइल्सवर तिचे मागचे पाय फाकतात, म्हणून पलंगापासून दारापर्यंत जुन्या योगा मॅट्स कापून टाकल्यात. पॅसेजमध्ये झिरोचा दिवा. बाहेर लांब फिरायला जायचं असलं तरच डायपर: बाळाचं, उलटं लावलेलं, शेपटीपुरतं भोक पाडून. दिवसभर ठेवलं की कातडी सोलवटते. मागचे केस कापून कोमट पाण्याने पुसून कोरडं करणं पुरतं. बाळाचं रॅश क्रीम लावू नका. त्यात बऱ्याचदा झिंक ऑक्साइड असतं आणि कुत्रं ते चाटणारच.

एक गोष्ट जरा टोचेल. हे पुसायचं कुणी? आमच्या ग्रुपवर अनेक श्वानप्रेमी सकाळचं तळं कामाच्या मावशींसाठी तसंच ठेवून देतात. मला ते पटत नाही. कुत्रं आपण आणलंय. आमच्या मावशींना मी विचारलं, त्या स्पष्ट म्हणाल्या, "ताई, फरशी पुसते, ते नाही पुसणार." बरोबर आहे त्यांचं. लिफ्टचंही तसंच. पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद करता येत नाही असं अॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं 2015 चं परिपत्रक आहे, ते मी कमिटीला दाखवू शकते. पण लिफ्टमध्ये झालं तर परिपत्रकाने पुसलं जात नाही. पिशवीत फडकं आणि पाण्याची बाटली कायम असते.

आणि हे सगळं प्रेमाने, हसतमुखाने होतं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. पावसाळ्यात चार गोधड्या वाळत नाहीत तेव्हा मी चिडते. रात्री कुणी उठायचं यावरून आमची भांडणं झालीत. शेवटी पाळ्या लावल्या: सोम-बुध-शुक्र मी, बाकी नवरा. रविवारी जो आधी उठेल तो.

काल माझी पाळी नव्हती. तरी दोन वाजता जाग आली. हात लावून पाहिलं, गोधडी कोरडी, चिंगी घोरतेय. मग मीच उठून बाथरूमला जाऊन आले.