‘रक्त तेच असतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा आईने स्वयंपाकाच्या मावशींना ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगितलं. आठ वर्षं त्या आमच्याकडे पोळ्या करतात. मावशींचा नवरा दीड वर्षापासून येरवड्यात आहे हे आईला गेल्या आठवड्यात कळलं आणि त्याच वेळी नेमका सोसायटीच्या ग्रुपवरून तो मेसेज येऊन पडला. मी तो चार ग्रुपांवर पाहिलाय. त्यात म्हटलंय की, आत गेलेला प्रत्येक जण गुन्हेगारच. सरकार त्यांना फुकट कर्जं वाटतं. त्यांच्या बायकापोरांची मदत बंद करा, कारण रक्त तेच असतं. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला मात्र कुणी विचारत नाही.

‘आत आहे म्हणजे केलंच असणार’ म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा तुरुंगांविषयीचा २०२२चा अहवाल एकदा उघडावा. ३१ डिसेंबर २०२२ला देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांवरचा आरोप कोर्टात अजून सिद्ध झालेला नाही. मावशींचा नवरा त्यातलाच. त्याला जामीन मंजूर झालाय, तरी तो आत आहे, कारण जामीनदार मिळत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या नातेवाइकांनी सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, आणायचा कुठून? पैशांअभावी आत अडकलेल्या गरीब कच्च्या कैद्यांसाठी केंद्राने २०२३मध्ये ४०,००० रुपयांपर्यंतची योजना आणली. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, हा तर १९८७चा कायदा. मावशींना यातलं काहीही कुणी सांगितलं नव्हतं. लाड होतायत ते कुणाचे?

कर्जाचं एवढंच. ‘जिव्हाळा’ नावाची योजना १ मे २०२२ला येरवड्यातच सुरू झाली. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक शिक्षा झालेल्या कैद्याला ५०,०००पर्यंत कर्ज देते, ७ टक्के व्याजाने, आणि ते तुरुंगातल्या त्याच्या मजुरीतून फेडायचं असतं. यात फुकट काहीच नाही.

आता त्या रक्ताबद्दल. हे वाक्य वाचून मला झोप लागली नाही.

मावशींची मुलगी नववीत आहे. वर्गात कुणीतरी बापाबद्दल बोललं, तेव्हापासून ती शाळेत जायला तयार नाही. मुलाखतीच्या, म्हणजे तुरुंगातल्या भेटीच्या, दिवशी मावशी कात्रजहून दोन बस बदलून येरवड्याला जातात, तीन घरांचं काम बुडवून. नाव नोंदवायचं, नंबर लागेपर्यंत थांबायचं, आणि जेमतेम बोलणं होतं तोच वेळ संपते. घरात एक कमाई गेली, वकिलाचा खर्च आला, वर शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. या मुलीने कोणता गुन्हा केला? उद्या ती शाळा सोडून मिळेल त्या कामाला लागली, की हेच लोक म्हणणार, बघा, रक्त तेच.

आईसोबत तुरुंगात राहणाऱ्या मुलांना आरोपी किंवा कैदी समजू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात बजावलं. त्याच २०२२च्या अहवालात अशी १,७६४ मुलं मोजलेली आहेत. आणि ज्या मदतीवर हा मेसेज एवढा चिडलाय, त्या, अडचणीतल्या घरांमधल्या मुलांसाठीच्या राज्याच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये आहेत. तेवढ्यात नववीच्या मुलीची वह्या-पुस्तकं आणि बसचा पास कसाबसा निघतो.

घराशी नातं टिकलं तर माणूस सावरतो, हे आपल्याकडे नवीनही नाही. औंध संस्थानाने १९३९मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत काढली. तिथे कैदी बायकामुलांसह राहून शेती करत. राज्यातल्या तुरुंगांतल्या ‘गळाभेट’ उपक्रमात मुलांना बापाला जवळ घेता येतं, ते याच कारणाने.

शेवटचा मुद्दा मात्र मला झटकून टाकता येत नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, जिच्यावर हात टाकला गेला, त्यांना आपल्याकडे खरंच कुणी विचारत नाही. साक्षीला बोलावतात आणि विसरतात. भरपाईसाठी खेटे घालावे लागतात. पण कैद्याच्या मुलीची मदत बंद केल्याने त्यांच्या पदरात काय पडणार? पुनर्स्थापक न्याय म्हणतात तो इथूनच सुरू होतो: ज्याचं नुकसान झालं त्याला बोलू द्यायचं, त्याची इच्छा असेल तर करणाऱ्याला समोर बसून ते ऐकायला लावायचं आणि भरपाई कशी करायची हे ठरवायचं. न्यूझीलंडने १९८९मध्ये अल्पवयीनांसाठी हे कायद्यातच आणलं, दोन्हीकडच्या माणसांना एकत्र बसवून. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९८मध्ये सांगितलं की, कैद्याच्या मजुरीतला काही भाग पीडितासाठी बाजूला काढावा. मेसेज लिहिणाऱ्याला पीडितांची एवढी कळकळ असेल तर त्याने याचा पाठपुरावा करावा. मी सोबत येईन.

हे सगळं मी काल रात्री आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. सकाळी तिने मावशींना फोन केला. सोमवारपासून त्या येतायत, मुलाखतीच्या दिवशी भरपगारी सुट्टी. मुलीचा बालसंगोपनचा अर्ज आम्ही रविवारी बसून भरणार आहोत.