डोकं आणायचं की नाही? पिट्सबर्गच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार पिट्सबर्गकर,

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात शिकार केलेला एल्क (मोठ्या जातीचं हरीण) पेनसिल्व्हेनिया राज्यात, म्हणजे तुमच्या पिट्सबर्गला, घरी कसा आणायचा यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. एक, मी सांगितलेले नियम एकमेकांना छेद देतात: आधी 'नर-मादीचा पुरावा धडालाच हवा', मग 'डोकं राज्याबाहेर नेऊ नका'. दोन, तुमच्या मित्राने कोलोरॅडोहून अख्खा एल्क ट्रकमध्ये टाकून आणला, कुणी हटकलं नाही, तेव्हा हा सगळा उगाच केलेला बाऊ.

पहिल्यात चूक माझीच. 'पुरावा म्हणजे डोकं' असं मी ठोकून दिलं होतं. कोलोरॅडोत नराचा आणि मादीचा परवाना वेगळा असतो आणि सोललेल्या फऱ्यावरून काहीच कळत नाही, म्हणून ती अट. पण एका मागच्या फऱ्याला वृषण तसेच राहू दिले तरी भागतं. उलट, कापून सुटं ठेवलेलं डोकं पुरावा म्हणून चालतच नाही. शिंगांना ठरावीक टोकं असलेलाच नर मारायची अट असलेल्या भागात शिंगंही सोबत लागतात; ती कवटीच्या चकतीसकट काढायची आणि चकती मेंदूचा कणही न ठेवता खरवडून घ्यायची. टॅग (परवान्यासोबतची चिठ्ठी) सही-तारखेसह मांसालाच बांधलेला हवा, खिशात नव्हे. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसरा मुद्दा मात्र मान्य नाही.

हरणांना झिजवून मारणारा 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' पहिल्यांदा लक्षात आला तो कोलोरॅडोतच, १९६७ साली, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात. त्याला कारण जंतू नाही, तर बिघडलेलं प्रथिन, प्रायॉन. शिजवून ते मरत नाही (मुळात जिवंतच नसतं), मातीत वर्षानुवर्षं टिकतं आणि मेंदू, पाठकणा, लसिकाग्रंथींत जास्त साठतं. आपण मांस खातो आणि नेमकं हेच उकिरड्यावर फेकतो. म्हणून पेनसिल्व्हेनियात असं डोकं आणि पाठकणा आणायला बंदी आहे. हाडं काढलेलं मांस, पाठकणा नसलेले फरे, साफ कातडं चालतं. वाटेत नेब्रास्का, आयोवा, इलिनॉय, इंडियाना, ओहायो लागतात. त्यांचेही नियम निघण्याआधी बघा.

आणि 'कुणी हटकलं नाही' म्हणाल, तर १९०० सालचा लेसी कायदा आहे. राज्याचा नियम मोडून मिळवलेलं किंवा बाळगलेलं जनावर राज्याची हद्द ओलांडून नेलं की मामला केंद्र सरकारकडे जातो. मित्राला तेवढं सांगाच.

खरं तर डोकं तिकडेच ठेवण्यात सोय आहे. कोलोरॅडोच्या वन्यजीव खात्याकडे ते तपासणीला देता येतं. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण रोगी निघालेल्या जनावराचं मांस खाऊ नका असंच आरोग्य खातं सांगतं. निकाल येईपर्यंत मांसाच्या पुड्या फ्रीझरमध्ये, टॅगच्या नंबरासकट. दोन जनावरांचं मांस एकत्र करू नका, नाहीतर एकापायी दोन्ही फेकावी लागतील.

मित्राच्या गॅरेजमध्ये ते डोकं अजून असेल, तर परसात पुरायच्या आधी पेनसिल्व्हेनियाच्या गेम कमिशनला (तिथल्या वन्यजीव खात्याला) फोन करायला सांगा.