रेती भरली म्हणजे बॅगचा दगड झाला का? ‘एक जुना बॉक्सर’ यांना उत्तर

नमस्कार काका. सही ‘एक जुना बॉक्सर’ एवढीच केलीत, पण पासष्टी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतो.

हलकी पंचिंग बॅग घरच्या घरी, फारसा खर्च न करता जड कशी करायची, यावर मी लिहिलं आणि तुम्ही ते चांगलंच झोडपलंत. तुमचं म्हणणं असं: रेती भरलेली बॅग म्हणजे दगड, पोरांचे हात मोडतील, भरायचंच तर आमच्या वेळेसारखे गहू भरा, बॅगचं वजन हा नुसता दिखावा आहे, आणि असले जुगाड करण्यापेक्षा पैसे साठवून एकदाच चांगली बॅग घ्या.

हाताचं आधी. रेतीने हात मोडतो हे खरंय. पण कोणत्या रेतीने? बॅगेत वरून ओतलेल्या. मोकळी रेती प्रत्येक ठोशाबरोबर खाली सरकते, आषाढ-श्रावणात ओल धरते, आणि खालचा फूटभर भाग गोदामात राहून गेलेल्या सिमेंटच्या पोत्यासारखा होतो. वरचा भाग तोवर पोकळ झालेला असतो. पोरगा वर मारतो तेव्हा काही वाटत नाही, खालचा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा, मारला की करंगळीमागचं हाड जातं. ही भीती तुमच्याइतकीच मलाही आहे, म्हणूनच मी रेती ओतायला सांगितलेलं नाही. मी सांगितलं ते रेतीचा गाभा करायला. वजन आत आणि मऊपणा बाहेर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमची सगळी टीका त्या एकच धरून चालली आहे.

हिशेब मांडतो. चार फुटी, बारा इंच व्यासाच्या बॅगेत साधारण 89 लिटर जागा असते. बाजारातली स्वस्त बॅग चिंध्यांनी सैलसर भरलेली असते, वजन भरतं वीस किलोच्या आसपास. कोरडी रेती लिटरला साधारण दीड-पावणेदोन किलो भरते. म्हणजे बारा किलो रेतीला साडेसात लिटर जागा पुरते. बॅगच्या मधोमध चार इंच जाडीचा खांब कल्पा. तो तीन फुटांपेक्षा थोडा उंच झाला की बारा किलो त्यात बसले. आणि त्या खांबाभोवती चारी बाजूंनी चार-चार इंच कापड उरलं. ग्लोव्हज आणि पट्ट्या घातलेली मूठ चार इंच ठासलेलं कापड दाबून रेतीपर्यंत पोचत नाही. पोचत असेल तर दोष कापड ठासणाऱ्याचा.

आणि ठासणं हेच या सगळ्यातलं खरं काम आहे. रेतीला हात लावण्याआधी नुसतं कापड नीट ठासलं तरी वीसची बॅग पंचवीस-सव्वीसपर्यंत जाते. आमच्या इंदुरात परदेशीपुऱ्याकडच्या रेडीमेड कपडेवाल्यांकडे कतरन, म्हणजे कापून उरलेले कापडाचे तुकडे, पोत्याने पडलेली असते. होजिअरीची मिळाली तर सर्वांत उत्तम. चेन, बटणं, जीन्सच्या जाड शिवणी कापून टाकायच्या. कापड घड्या करून टाकायचं नाही, पट्ट्या करायच्या, नाहीतर घडीघडीत पोकळ्या राहतात. मध्ये ड्रेनेजचा चार इंची पाइप उभा धरायचा, भोवती वीतभर चिंध्या टाकून मुसळाने कुटायच्या, पाइपमध्ये रेतीची पुडकी सोडायची, पाइप तेवढाच वर ओढायचा, पुन्हा चिंध्या. तळाला आणि तोंडाशी रेती नाही, फक्त कापड. पाइप शेवटी बाहेर येतो, तो आत ठेवायचा नाही. पुडकी करायला धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या चालतात, एकात एक अशा दोन, वरून चिकटपट्टी, मग जुन्या जीन्सच्या पायाचा तुकडा. शिगोशीग भरायची नाहीत. जरा सैल राहिली की दाबली जातात. रेती मात्र कढईत भाजून किंवा उन्हात पसरून खडखडीत कोरडी केलेलीच हवी. बांधकामावर दोन घमेली नर्मदेची रेती मागितली तर इंदुरात अजून तरी कोणी पैसे मागत नाही.

गव्हाचं म्हणाल तर माळव्यात गव्हाला तोटा नाही, मान्य. पण लिटरभर गहू भरतात पाऊण किलोच्या आसपास, रेतीच्या निम्मे. तेवढ्याच वजनाला खांब दुप्पट जागा खाणार, म्हणजे भोवतीचं कापड कमी. शिवाय घाम, दमट हवा, टोके, उंदीर. रोजच्या माराने दाण्याचा भुगा होतो तो वेगळाच. आणि खायचं धान्य बॅगेत भरलेलं आमच्या आईला आवडणार नाही.

वजन हा दिखावा आहे, हे मात्र पटलं नाही. बॅग हा लंबक आहे. बॅग टांगलेल्या हुकापासून तिच्या मध्यापर्यंत दीड मीटर धरलं तर एक हेलकावा अडीच सेकंदांचा, मग बॅग वीस किलोची असो की छत्तीसची. वजनाने फरक पडतो तो किती लांब जाते याला. तोच ठोसा छत्तीस किलोच्या बॅगला वीसवालीच्या निम्म्याहून थोडंच जास्त ढकलतो. हलकी बॅग तीन मिनिटांच्या राउंडमध्ये सारखी पळते आणि पोरगा तिच्यामागे पळत हात लांबवून ढकलायला शिकतो. पायांची हालचाल शिकवायला हलकी बॅग चांगली, पण ज्याच्याकडे एकच बॅग आहे त्याने शरीराच्या साधारण निम्म्या वजनाची ठेवावी. पासष्ट-सत्तर किलोच्या मुलाला बत्तीस ते पस्तीस पुष्कळ. बारा वर्षांच्या मुलासाठी यातलं काहीच करू नका, तिथे तुमच्याशी वाद नाही.

नवी बॅग घ्या म्हणणं सोपं आहे. महाग बॅग उघडून पाहा, आत बहुतेक वेळा कापडाच्या चिंध्याच निघतात. पैसे जातात ते कव्हरचे आणि शिवणीचे. ज्याचं कव्हर धड आहे त्याने ते का फेकावं?

तुम्ही रागवायलाच हवं होतं ते हुकाबद्दल. हाताची एवढी काळजी करता, आणि डोक्यावरच्या हुकाबद्दल चकार शब्द नाही. आपल्याकडे पोरं सरळ पंख्याच्या हुकाला बॅग लटकवतात. पंखा चार-पाच किलोचा, तोही एका जागी फिरणारा. पस्तीस किलोची बॅग चारी बाजूंनी हिसके देते. स्लॅबमध्ये चार अँकर फास्टनरने, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने, बसवलेली प्लेट हवी, पत्र्याचं छत असेल तर भिंतीतून भिंतीत जाणारा लोखंडी अँगल. एस आकाराचा हुक वाढलेल्या वजनाने हळूहळू उघडतो, त्याच्या जागी स्क्रूने बंद होणारी डी-शॅकल, म्हणजे डी आकाराची लोखंडी कडी, लावा. इंदूरच्या सियागंज बाजारात मिळते. आणि महिन्याभराने बॅग वरून मोकळी झाली की तोंड उघडून आणखी कतरन ठासा.

तुमच्याकडे जुनी बॅग पडली असेल तर तिची उंची आणि घेर कळवा. किती रेती बसेल ते काढून देतो.