तुटलेली रेषा जोडून मिळेल

शाईने माणसं काढायची म्हणताय? छान. आधी सगळं पेन्सिलीने काढून घ्या, घरच्यांना दाखवा, शेजारच्या काकांची मंजुरी घ्या, मग वरून निब फिरवा. शाई खोडता येत नाही, उगाच जोखीम कशाला?

निबेवर दाब देऊ नका. दाबलं की तिची दोन टोकं फाकतात, रेषा जाड होते. हात हलका केला की बारीक. असली चंचलता शोभत नाही. नळाच्या पाइपासारखी एकच जाडी ठेवा.

पावसाळ्यात कागद सादळतो, शाई फुटते. तेव्हा कला दिवाळीनंतर.

निब धुऊ नका. आपली खारी हवा तिचं काय ते बघून घेईल.

रेषा मात्र अखंड हवी. हे मला परवाच शिकवण्यात आलं. हर्णै बंदरावर लिलावात एक कोळीण काढली होती. डोक्यावर पाटी, सगळा भार डाव्या पायावर. कमरेचा बाक एका दमात ओढला. टाच ओल्या वाळूत रुतलेली, म्हणून तिथे निब दाबली. उजव्या खांद्यावर ऊन होतं, तिथे रेषा सोडून दिली. दीडेक इंच कोरा कागद. सतराव्या शतकात डच चित्रकार रेम्ब्रांट बोरूने, हो, आपले पणजोबा कित्ता गिरवायचे तसल्याच बोरूने, माणसं काढायचा आणि निम्मी कागदावर सोडून द्यायचा. बाकीचं बघणाऱ्याचा डोळा भरतो. आमच्या प्रदर्शनात ते काम संयोजकांनी अंगावर घेतलं. उद्घाटनाला गेलो, तर खांद्यावर काळ्या स्केचपेनची रेघ! "घाईत राहून गेली होती तुमची, जोडून टाकली." वर पाठीवर थाप. ऊन गेलं, खांद्याचा हँगर झाला. ओल्या कापसाने पुसायला गेलो, तर माझी काजळीची शाई जागची हलली नाही. त्यांची रेघ मात्र जांभळी होऊन काखेपर्यंत उतरली.

चेहरा फोटोसारखा आलाच पाहिजे, हे वेगळं सांगायला नको.

काय हो, तुमच्या सोलकढीत शेजाऱ्याने येऊन साखर घातली, तर चालेल? कळलं नाही, तर विचारायचं. चित्रामागे नंबर लिहिला होता. पसंत नव्हतं, तर लावायचं नव्हतं. पण दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही. स्केचपेनने नाही, पेन्सिलीने नाही, बोटानेसुद्धा नाही. एवढी साधी गोष्ट पन्नाशीत सांगावी लागते?

आणि ते उत्तेजनार्थ बक्षीस परत घ्या. तो खांदा माझा नाही.