इअरबड आधी कानात बसतो का ते बघा

हेडफोन कसे निवडावेत यावरच्या एका लेखात नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय) आणि बॅटरीचे तास यांवर भर दिलाय, पण इअरबड कानात नीट बसतो का, हे त्याआधी बघायला हवं. माझ्या डाव्या कानाला मधल्या मापाची रबरी टोपी लागते आणि उजव्याला लहान. दोन्हीकडे मधलीच लावायचो तेव्हा उजवीकडचा बेस गायबच व्हायचा, आणि मी दोष देत होतो इअरबडला! फट राहिली की खालचे सूर निसटतात आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. नॉइज कॅन्सलेशन पंखा, इंजिन अशी एकसुरी घरघर छान दाबतं, माणसांच्या बोलण्यावर मात्र त्याचा तितका जोर चालत नाही.

दिवसभर कॉल असतील तर विकत घेण्याआधी माइकवरून बोलून बघाच. ब्लूटूथवर माइक सुरू झाला की बऱ्याचदा आवाजाचा दर्जा उतरतो.

पॉवर बँकेबद्दलही थोडं. १०,००० एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) हा आकडा आतल्या सेलचा, साधारण ३.७ व्होल्टचा असतो. ५ व्होल्टवर फोनला त्यातले ६,००० ते ६,५०० एमएएच मिळतात. रोजच्या बॅगेत तेवढी पुरते, उगाच वीटभर वजन वागवू नका.