ओस कुठे, शबनम कुठे: शिबली नोमानी यांच्याविषयी

उर्दूचं वेड असलेल्या मराठी मंडळींच्या बोलण्यात मीर, गालिब, फैज़ सतत येतात. शिबली नोमानी (१८५७–१९१४) आलेच तर मुंबईच्या लेखिका अतिया फैज़ींना लिहिलेल्या पत्रांपुरते. मुंबईच्या मुक्कामात सुचलेल्या त्यांच्या फारसी गझला सुंदर आहेत, वाद नाही. पण आझमगढचा हा माणूस अलीगढला सोळा वर्षं अरबी-फारसी शिकवत होता, १८९२ साली हस्तलिखितं धुंडाळायला इस्तंबूल, सीरिया, इजिप्तपर्यंत गेला होता, आणि शब्द पारखण्यात त्याची बरोबरी करणारा समीक्षक उर्दूत क्वचितच सापडेल. त्याची ओळख दोन-चार पत्रांवर संपावी, याचं वाईट वाटतं.

त्यांचा कान कसा होता ते पाहायचं तर १९०७ चं ‘मवाज़ना-ए-अनीस-ओ-दबीर’ उघडावं. मीर अनीस आणि मिर्ज़ा दबीर, लखनौचे दोन दिग्गज मर्सियाकार (मर्सिया म्हणजे शोककाव्य), यांची ती तुलना. ‘फसाहत’ म्हणजे शब्दांची सहज, नेमकी योजना; ती सांगताना शिबली अनीसच्या दोन ओळी घेतात: ‘खा खा के ओस और भी सब्ज़ा हरा हुआ’ आणि ‘शबनम ने भर दिये थे कटोरे गुलाब के’. ओस म्हणजे दव आणि शबनम म्हणजेही दवच. तरी ओसच्या जागी शबनम किंवा शबनमच्या जागी ओस घाला, ओळ मातीत जाते.

इथे मराठी गझल लिहिणाऱ्यांनी थोडं थांबावं. दोन्ही ओळींचं वजन, म्हणजे वृत्त, एकच आहे: गागाल गालगाल लगागाल गालगा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघु). आपली गल्लत दोन ठिकाणी होते. एक, ‘के’, ‘भी’, ‘ने’, ‘थे’ आपण सवयीने गुरू धरतो. या ओळींत ते चारही लघु आहेत; फक्त दुसऱ्या ओळीच्या शेवटचा ‘के’ गुरू. दोन, ‘शबनम’ आपण श-ब-न-म असे चार लघु मोजतो; उर्दूत ते शब्-नम्, म्हणजे दोन गुरू. ओ-स मात्र गुरू-लघु. म्हणजे ‘शबनम’च्या जागी ‘ओस’ घातलं की वजन तुटतंच. पण शिबलींचा मुद्दा त्याच्या पलीकडचा आहे. ‘ओस’ हा घरातला, बोलण्यातला शब्द. गवताने तो ‘खावा’ हे शोभतं. ‘शबनम’ फारसी, नटलेला. त्याला गुलाबाचा कटोराच हवा. आपल्या ‘दहिवर’ आणि ‘तुषार’ची जागा बदलून बघा, कळेल.

(अनीसकडे त्यांचं पारडं उघडच झुकतं. दबीरच्या ढिल्या ओळी निवडून त्या अनीसच्या उत्तम ओळींसमोर ठेवणं ही काही न्याय्य तुलना नव्हे. दबीरच्या चाहत्यांनी तेव्हाच उत्तरं दिली होती आणि ती वाजवी होती.)

हाच कान त्यांनी अरबी साधनांना लावला, आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम तेच. ‘सीरत-उन-नबी’ या पैगंबरचरित्राच्या प्रस्तावनेत ते दोन चाळण्या लावतात. पहिली रिवायत: ही गोष्ट कोणी कोणाकडून ऐकली? साखळीतलं प्रत्येक नाव घ्यायचं, त्याचा काळ बघायचा, त्याची आणि त्याच्या गुरूची भेट शक्य होती का ते तपासायचं, स्मरणशक्ती आणि सचोटीबद्दल जुने पारखी काय म्हणतात ते बघायचं. दुसरी दिरायत: साखळी निर्दोष असली तरी मजकूर बुद्धीला आणि पक्क्या माहितीला धरून आहे का? साधनांचा क्रमही ठरलेला. आधी कुराण, मग सही हदीस (पैगंबरांच्या वचन-वर्तनाच्या खात्रीच्या नोंदी), आणि चरित्रग्रंथ त्यानंतर.

घोटाळा कुठे होतो, तर जुना अरबी चरित्रकार वाकिदी याच्यापाशी. शिबलींचा त्याच्यावर मुळीच विश्वास नाही. दुसरा जुना चरित्रकार इब्न सअद, त्याला मात्र ते प्रामाणिक मानतात. पण इब्न सअद हा वाकिदीचाच लेखनिक, त्याच्या बऱ्याच रिवायती, म्हणजे ऐकून सांगितलेल्या हकिकती, वाकिदीकडूनच आलेल्या. दोन ग्रंथांची नावं देऊन ‘दोन साक्षीदार’ म्हणणारा अभ्यासक नकळत एकाच साक्षीदाराला दोनदा उभं करतो. ही चूक आजही सर्रास दिसते, आणि फक्त अरबी इतिहासातच दिसते असं नाही.

१९०७ मध्येच घरात बंदूक सुटून त्यांचा एक पाय गेला. तरी पुढे लखनौच्या नदव्याचं (नदवतुल उलमा या धर्मशिक्षण संस्थेचं) काम, १९१२ मध्ये अरबी लेखक जुर्जी ज़ैदानच्या इस्लामी संस्कृतीच्या इतिहासाची थेट अरबीतून केलेली चिरफाड, कानपूरच्या मशिदीचा भाग पाडल्यावर उसळलेल्या १९१३ च्या प्रकरणावरच्या धगधगत्या उर्दू कविता, सगळं चालू राहिलं.

नोव्हेंबर १९१४ मध्ये ते गेले तेव्हा ‘सीरत’ अपुरी होती. ती पुरी करणारे शिष्य सय्यद सुलेमान नदवी त्या वेळी आपल्या पुण्यात, डेक्कन कॉलेजात शिकवत होते. नोकरी सोडून ते आझमगढला गेले, गुरूने आखलेली दारुल मुसन्निफीन ही लेखक-संशोधकांची संस्था उभी केली. १९१८ साली पहिला खंड निघाला आणि काम सात खंडांपर्यंत गेलं.

वाचायला घेणार असाल तर आधी ‘मवाज़ना’ घ्या, आणि ओळी मोठ्याने म्हणा. ‘सीरत’चा पहिला खंड हाती आला तर प्रस्तावना गाळून पुढे जाऊ नका, वाकिदीचा सगळा हिशेब तिथेच आहे.